उजेडाची मोजपट्टी

माघातल्या रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे पाहिले की आकाशातले सर्वांत तेजस्वी दोन तारे एकाखाली एक दिसतात. वर व्याध आणि खाली, क्षितिजाच्या बाजूला, अगस्त्य. व्याध अगस्त्याच्या साधारण दुप्पट तेजस्वी दिसतो. डोळ्यांना कळते ते एवढेच. प्रत्यक्षात व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे आणि अगस्त्य सुमारे ३१० प्रकाशवर्षांवर, म्हणजे छत्तीस पट दूर. अंतर दुप्पट झाले की तेज चौथाईवर येते, तिप्पट झाले की नवव्या हिश्शावर. या हिशेबाने अगस्त्य व्याधाच्या शेजारी आणून ठेवला, तर तो व्याधाच्या साडेसहाशे पटींहून अधिक झगझगेल. आकाशाला खोली असते, पण ती दिसत नाही. एखादा तारा मंद दिसतो तो लांब असल्यामुळे की मुळातच मंद असल्यामुळे, हे नुसत्या उजेडावरून सांगता येत नाही. विश्व केवढे आहे, या प्रश्नाचे घोडे शतकानुशतके अडले होते ते इथेच.

प्रकाशाचा वेग सेकंदाला जवळपास तीन लाख किलोमीटर. सूर्याचा उजेड पृथ्वीवर पोचायला आठ मिनिटे वीस सेकंद लागतात. प्रकाश वर्षभरात साडेनऊ लाख कोटी किलोमीटर कापतो आणि त्या अंतराला प्रकाशवर्ष म्हणतात. माप अंतराचे असले तरी काळ त्याच्या पोटातच असतो. चित्रा नक्षत्राचा जो प्रकाश आज दिसतो तो बारभाईंच्या कारभाराच्या सुमारास निघालेला आहे. कृत्तिकांचा प्रकाश शिवाजी महाराजांच्या जन्माच्या चार-पाच दशके आधीचा, तर मृगातल्या राजन्याचा यादवांची देवगिरी वसण्याच्याही आधीचा. एकाच रात्री, एकाच नजरेत, निरनिराळ्या शतकांतला उजेड डोळ्यांत येतो. तरीही हे सगळे तारे घराजवळचेच म्हणायचे. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे बहुतेक तारे काही हजार प्रकाशवर्षांच्या आतले आहेत आणि आपली आकाशगंगा सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे.

सहा महिन्यांची दोन टोके

ताऱ्याचे अंतर मोजण्याची सर्वांत खात्रीची पद्धत भूमितीची आहे. हाताचा अंगठा नाकासमोर धरून आधी एक डोळा मिटावा, मग दुसरा. मागच्या भिंतीवर अंगठा सरकल्यासारखा दिसतो. अंगठा जितका जवळ तितकी सरक जास्त. ताऱ्यांसाठी दोन डोळ्यांमधले अंतर पुरत नाही. म्हणून पृथ्वीच्या कक्षेची दोन टोके वापरतात. आज एक निरीक्षण घ्यायचे आणि सहा महिन्यांनी, पृथ्वी तीस कोटी किलोमीटर पलीकडे गेल्यावर, दुसरे. जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित हललेला दिसतो. याला पराशय म्हणतात.

अडचण या ‘किंचित’मध्ये आहे. एका अंशाचे ३,६०० भाग केले तर एक विकला मिळते आणि सर्वांत जवळच्या ताऱ्याचा पराशयही एका विकलेपेक्षा कमी भरतो. कोपर्निकसनंतर जवळपास तीनशे वर्षे लोक हा कोन शोधत राहिले आणि तो सापडत नव्हता. पृथ्वी फिरत नाही असे म्हणणाऱ्यांना हा मुद्दा हातचा होता. १८३८ मध्ये क्योनिग्सबर्गच्या वेधशाळेत फ्रीड्रिख बेसेल यांनी हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय मोजला. हा तारा काही ठळक नाही, पण तो आकाशात दरवर्षी बऱ्यापैकी सरकत होता. त्या अर्थी तो जवळचा असणार, हा बेसेल यांचा तर्क. कोन निघाला विकलेच्या तिसऱ्या हिश्शाएवढा आणि अंतर दहा प्रकाशवर्षांच्या थोडे पुढे. आजचा आकडा ११.४ आहे. त्याच सुमारास श्ट्रूव्ह यांनी अभिजितचा आणि हेंडरसन यांनी दक्षिण आफ्रिकेतून मित्र ताऱ्याचा पराशय काढला. हेंडरसन यांची निरीक्षणे आधीची होती, पण ती प्रसिद्ध करायला त्यांनी उशीर केला आणि पहिलेपणाचा मान बेसेल यांच्याकडे गेला.

जमिनीवरून ही मोजणी फार पुढे जात नाही, कारण हवेच्या थरथरीत ताऱ्याची प्रतिमा पसरते. युरोपच्या गाया उपग्रहाने ती अडचण ओलांडली. २०१३च्या डिसेंबरात सोडलेला हा उपग्रह पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर राहून, स्वतःभोवती संथ फिरत, जानेवारी २०२५ पर्यंत आकाश पुन्हा पुन्हा चाळत राहिला. जवळपास दोनशे कोटी ताऱ्यांची नोंद त्याने केली. एवढे करूनही पराशयाची मजल आकाशगंगेच्या आपल्या भागापुरतीच नेमकी राहते. त्यापुढे कोन इतका बारीक होतो की चूक आणि मोजमाप वेगळे करता येत नाही.

काचेवरचे ठिपके

पुढची पायरी हार्वर्ड वेधशाळेतल्या एका टेबलावर सापडली. तिथे दुर्बिणीतून घेतलेली छायाचित्रे काचेच्या तबकड्यांवर असत आणि त्यांवरचे तारे मोजण्यासाठी स्त्रिया नेमलेल्या असत. हेन्रिएटा लेव्हिट त्यांच्यापैकी एक. त्यांना मजुरी मिळे तासाला ३० सेंट. दुर्बीण चालवणे हे पुरुषांचे काम समजले जाई. पेरूमधल्या आरेकिपाहून येणाऱ्या तबकड्यांवर मॅजेलनचे दोन ढग टिपलेले होते. हे ढग दक्षिण गोलार्धातून छान दिसतात. महाराष्ट्रातून ते जवळपास क्षितिजाखालीच राहतात. एका रात्रीची तबकडी दुसऱ्या रात्रीच्या तबकडीवर ठेवून, भिंगातून पाहत, तेज बदलणारे ठिपके हुडकायचे, असे हे काम. १९०८ मध्ये लेव्हिट यांनी अशा १,७७७ ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली आणि त्यांतल्या काहींबाबत नोंदवले, की तारा जितका तेजस्वी तितके त्याचे आवर्तन लांब. १९१२ मध्ये लहान ढगातल्या २५ ताऱ्यांवरून हा नियम पक्का झाला.

या शोधाचे मर्म ताऱ्यांच्या जागेत आहे. ते सगळे एकाच ढगातले, म्हणून पृथ्वीपासून जवळपास एकाच अंतरावरचे. त्यांच्या दिसणाऱ्या तेजातला फरक म्हणजे खऱ्या तेजातलाच फरक. व्याध-अगस्त्याचा घोळ इथे आपोआप मिटला होता. हे तारे वृषपर्वा तारकासमूहातल्या एका ताऱ्यासारखे वागतात; त्या समूहाच्या पाश्चात्त्य नावावरून त्यांना सेफीड म्हणतात. सेफीड ताऱ्याच्या बाहेरच्या थरात हेलियम असतो. तारा आकसला, तापला की या हेलियमचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि थर अपारदर्शक होतो. आतली उष्णता कोंडते, तारा फुगतो. फुगल्यावर थर निवतो, पुन्हा पारदर्शक होतो, उष्णता निसटते आणि तारा परत आकसतो. मोठ्या ताऱ्याला या फेऱ्याला जास्त दिवस लागतात. दिवस मोजले की खरे तेज कळते आणि खरे तेज कळले की दिसणाऱ्या तेजावरून अंतर निघते. ज्याला अढळ म्हणून मान दिला जातो तो ध्रुव ताराही सेफीडच आहे. चार दिवसांच्या फेऱ्यात त्याचे तेज अगदी थोडे कमी-जास्त होत असते.

लेव्हिट १९२१ च्या डिसेंबरात वारल्या. त्यांच्या नियमाने विश्वाचे मोजमाप बदलले ते त्यानंतर दोन वर्षांनी.

एक खोडलेले अक्षर

त्या वेळचा वाद असा होता: आकाशगंगा हेच सगळे विश्व, की आकाशात दिसणारे सर्पिल धुके म्हणजे आकाशगंगेसारखीच दूरची तारकाविश्वे? १९२० च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनमध्ये हार्लो शॅप्ली आणि हीबर कर्टिस या खगोलशास्त्रज्ञांनी समोरासमोर बाजू मांडल्या. निकाल लागला नाही, कारण धुक्याचे अंतर कोणालाच ठाऊक नव्हते.

कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर अडीच मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण होती. १९२३ च्या ऑक्टोबरात एडविन हबल यांनी तिच्यातून देवयानीतल्या धुक्याची तबकडी घेतली. तीन नवे ठिपके दिसले. नवतारे समजून त्यांनी प्रत्येकाशेजारी तसे अक्षर लिहिले. जुन्या तबकड्या तपासल्यावर त्यांतला एक ठिपका पूर्वीही होता, कधी ठळक, कधी पुसट, असे आढळले. हबल यांनी ते अक्षर खोडून तिथे ‘चल तारा’ अशा अर्थाची खूण केली आणि पुढे उद्गारचिन्ह दिले. ताऱ्याचे आवर्तन भरले ३१ दिवसांचे. तो सेफीड होता. लेव्हिट यांच्या नियमाने देवयानी नऊ लाख प्रकाशवर्षांवर गेली, म्हणजे आकाशगंगेच्या कोणत्याही तत्कालीन कल्पनेच्या पार बाहेर. धुके म्हणून नोंदलेली ती वस्तू एक स्वतंत्र दीर्घिका निघाली.

आकडा मात्र चुकला होता. देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. ही चूक उमगायला युद्ध कारणीभूत ठरले. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसवर अंधारबंदी आली आणि डोंगरावरचे आकाश कधी नव्हे इतके काळे झाले. तिथले खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे हे जर्मन नागरिक, त्यामुळे युद्धकामात त्यांना जागा नव्हती. दुर्बीण मात्र मनसोक्त मिळत होती. त्या अंधारात त्यांनी देवयानीच्या गाभ्यातले सुटे तारे टिपले. ताऱ्यांच्या दोन पिढ्या आहेत आणि दोन्हींतल्या चल ताऱ्यांना एकच नियम लावणे चूक आहे, हे त्यातून पुढे आले. १९५२ मध्ये बाडे यांनी ते जाहीर केले आणि दीर्घिकांची अंतरे एका झटक्यात दुप्पट झाली. अंतरे मोजण्याच्या शिडीची एक पायरी सरकली की वरच्या सगळ्या सरकतात, याचे याहून ठसठशीत उदाहरण खगोलशास्त्रात नाही.

सेफीड ताऱ्यांच्या पलीकडे मोजण्यासाठी फुटणारे तारे उपयोगी पडतात. श्वेत बटू हा ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा. शेजारच्या ताऱ्याचे द्रव्य ओढून त्याचे वस्तुमान सूर्याच्या १.४ पटीजवळ गेले की त्याचा स्फोट होतो. ही मर्यादा शोधण्याची सुरुवात सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मुंबईहून युरोपला निघालेल्या बोटीवर केली. सगळे स्फोट साधारण एकाच वस्तुमानापाशी होतात म्हणून त्यांचे तेजही जवळपास सारखे. काहीशे कोटी सूर्यांएवढे. एका दीर्घिकेत असा स्फोट शतकात एखादा व्हायचा, त्यामुळे एका वेळी हजारो दीर्घिकांवर नजर ठेवावी लागते. १९९८ मध्ये दोन गटांनी अशा दूरच्या स्फोटांवरून विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होत असल्याचे दाखवले. त्यासाठी २०११ चे नोबेल मिळाले.

ताणलेला प्रकाश

ताऱ्याचा प्रकाश लोलकातून किंवा जाळीतून फाकवला की वर्णपट मिळतो आणि त्यात काळ्या रेघा दिसतात. हायड्रोजन, कॅल्शियम, सोडियम, प्रत्येकाच्या रेघा ठरलेल्या जागी. दूरच्या दीर्घिकांच्या वर्णपटात याच रेघा तांबड्या टोकाकडे सरकलेल्या आढळतात. ही ताम्रसृती. माउंट विल्सनवर या रेघा टिपण्याचे किचकट काम मिल्टन ह्यूमसन यांनी केले. वेधशाळा बांधली जात असताना ते खेचरांवरून डोंगरावर सामान वाहून नेत. पुढे तिथेच झाडलोटीला लागले, मग रात्रपाळीचे मदतनीस झाले आणि शेवटी मंद दीर्घिकांच्या वर्णपटांत त्यांचा हात धरणारा कोणी उरला नाही. १९२९ मध्ये हबल यांनी अंतरे आणि ताम्रसृती शेजारी मांडल्या: दीर्घिका जितकी दूर तितक्या वेगाने ती दूर जाते. दीर्घिकांमधला अवकाशच प्रसरत असतो आणि वाटेत असलेला प्रकाशही त्याबरोबर ताणला जातो.

ताम्रसृती म्हणजे अंतर, हे सगळ्यांनी मुकाट मान्य केले नाही. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणारे जयंत नारळीकर यांनी महास्फोटाच्या सिद्धांतावर अखेरपर्यंत प्रश्न उपस्थित केले आणि क्वेसार म्हणवल्या जाणाऱ्या काही तेजस्वी वस्तूंची ताम्रसृती प्रसरणाखेरीज दुसऱ्या कारणानेही असू शकेल, अशी मांडणी केली. निरीक्षणांचे पारडे त्यांच्या विरुद्ध बाजूला झुकले, हे खरे. तरी ज्या रेघेवर विश्वाचे अंतर टांगलेले आहे ती तपासून पाहण्याचा त्यांचा आग्रह रास्तच होता.

आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आंबेगाव तालुक्यात गिरवलीच्या डोंगरावर आहे. तिला जोडलेल्या वर्णपटमापकातून मंद वस्तूंच्या अशा रेघा घेता येतात. पावसाळ्याचे चार महिने मात्र घुमट बंद. सह्याद्रीच्या ढगांपुढे कोणाचेच काही चालत नाही.

खोडदची शांतता

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव सोडून पूर्वेला वळले की टोमॅटो आणि द्राक्षांच्या शिवारांतून खोडद येते आणि पिकांच्या वर प्रचंड वाडग्यांसारखे सांगाडे दिसू लागतात. ही जीएमआरटी, मीटर लांबीच्या रेडिओ लहरी पकडणारी दुर्बीण. एकेक अँटेना ४५ मीटर व्यासाची, एकूण ३०. चौदा मध्यभागी दाटीने, बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या फाट्यांवर, मिळून २५ किलोमीटरच्या टापूत. त्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही. पोलादी दोऱ्या ताणून आकार दिलेला आणि त्यावर बारीक तारेची जाळी. लहरी जाळीच्या छिद्रांपेक्षा कितीतरी लांब असल्याने त्यांना ती भरीव आरशासारखीच. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि स्वस्त ठेवता आला. ही युक्ती गोविंद स्वरूप यांची. त्यांनी १९६० च्या दशकात कल्याणला लहान अँटेनांची रांग उभारून सुरुवात केली होती, मग उटीची दुर्बीण बांधली आणि त्यानंतर खोडद.

तीस अँटेनांचे संकेत प्रकाशतंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतात आणि तिथे प्रत्येकीचा संकेत दुसऱ्या प्रत्येकीशी ताडून पाहिला जातो. अशा जोड्या होतात ४३५. सगळ्या मिळून एका विशाल दुर्बिणीचे काम करतात. या दुर्बिणीला ऊन-पावसाचे फारसे सोयरसुतक नाही; तिला वैरी आहे तो माणसाचा गोंगाट. मोबाइल, गाडीच्या इंजिनातली ठिणगी, विजेच्या तारांवरची चरचर, हे सगळे आकाशातून येणाऱ्या संकेतापेक्षा कैक पटींनी मोठे असते. म्हणून आवारात मोबाइल बंद. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेच्या आखणीला याच कारणाने आक्षेप आला आणि मार्गाचा फेरविचार करावा लागला. एरवी शांतता जपणाऱ्या या आवारात २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, पंचक्रोशीतल्या शाळांची जत्रा भरते.

इतकी शांतता कशासाठी, याचे उत्तर २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या एका शोधात आहे. थंड हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. ती अतिशय क्षीण असते. अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी जीएमआरटीच्या नोंदींतून एका दीर्घिकेच्या हायड्रोजनची लहर वेगळी काढली. निघताना २१ सेंटिमीटरची असलेली ही लहर खोडदला पोचली तेव्हा ४८ सेंटिमीटरची झाली होती. ती ८८० कोटी वर्षे वाटेत होती. निघाली तेव्हा सूर्य आणि पृथ्वी जन्मालाही आलेले नव्हते. वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम करून हा संकेत सुमारे तीस पट वाढवला, म्हणून तो हाती लागला.

अलकनंदा

पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांतून एक सर्पिल दीर्घिका शोधली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती जाहीर झाली. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात, म्हणून हिमालयातल्या मंदाकिनी नदीच्या भगिनीचे, अलकनंदेचे, नाव या दीर्घिकेला दिले. सुमारे ३०,००० प्रकाशवर्षे रुंद, दोन नीटस भुजा, दर वर्षी साठेक सूर्यांएवढे नवे तारे. तिचा प्रकाश १,२०० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. विश्व तेव्हा अवघे दीडशे कोटी वर्षांचे होते. इतक्या थोड्या अवधीत एवढी घडीव दीर्घिका बनावी, ही प्रचलित समजुतीला न मानवणारी गोष्ट आहे. तिचे अंतर वीसेक रंगगाळण्यांमधून दिसणाऱ्या तेजाच्या चढउतारावरून काढलेले आहे.

एका प्रश्नावर इथे बरेच जण अडखळतात. प्रकाश १,२०० कोटी वर्षे चालला तर अलकनंदा आज १,२०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे का? नाही. प्रकाश वाटेत असताना अवकाश प्रसरत राहिला. आज ती सुमारे २,४०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. याच कारणाने १,३८० कोटी वर्षे वयाच्या विश्वाचा दिसू शकणारा भाग प्रत्येक दिशेला सुमारे ४,६०० कोटी प्रकाशवर्षे पसरलेला आहे. त्यापलीकडचा प्रकाश अद्याप पोचलेलाच नाही.

शिडी अजून पुरती घट्ट झालेली नाही. सेफीड आणि स्फोटांवरून मोजलेला प्रसरणाचा दर खगोलशास्त्रातल्या रूढ एककात ७३ च्या आसपास येतो, आद्य विश्वातून आलेल्या प्रारणावरून काढलेला ६७ च्या आसपास. गायाने खालच्या पायऱ्या घट्ट केल्या, वेबने सेफीड पुन्हा तपासले. फरक बुजला नाही. बाडे यांच्यासारखे कोणी पुढे यावे असा हा पेच आहे.

अमावास्येच्या आसपास

या सगळ्या पसाऱ्यातली एक दीर्घिका, देवयानी, साधनाशिवाय पाहता येते आणि तिच्यासाठी दिवाळीचे दिवस सोयीचे आहेत, कारण आश्विनी अमावास्येच्या मागेपुढे रात्री चंद्र आड येत नाही. शहरापासून दूर, रात्री नऊ-दहाला, भाद्रपदांचा मोठा चौकोन डोक्यावर शोधावा. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून देवयानीच्या ताऱ्यांची ओळ निघते. ओळीतल्या पुढच्या ठळक ताऱ्याशी थांबून शर्मिष्ठेच्या दिशेने वळावे, दोन मंद तारे ओलांडावेत. तिथे लांबट, पांढुरका डाग दिसतो. सरळ रोखून पाहू नये. नजर जरा बाजूला ठेवली की तो अधिक स्पष्ट होतो. तो उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. साधी द्विनेत्री असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. लक्ष्मीपूजनाची रात्र मात्र टाळावी. त्या रात्री फटाक्यांच्या धुरातून व्याधसुद्धा धड दिसत नाही.